कोटेशनपासून गेट पासपर्यंत

नवी मोटार घेणारा माणूस घासाघीस करतो ती गाडीच्या किमतीत. तिथे पंधरा-वीस हजार सुटले की स्वारी खूश. लबाड शोरूमला हे पक्कं ठाऊक असतं. एक्स-शोरूम किंमत कंपनीने ठरवलेली असते, ती कुणालाही फोनवर दिसते, त्यामुळे तिथे फसवायला फारसा वाव नाही. पैसा निघतो तो किमतीखालच्या बारीक ओळींतून: आरटीओ, इन्शुरन्स, हँडलिंग, ॲक्सेसरीज. दुसरी जागा म्हणजे पैसे भरल्यापासून गाडी हातात येईपर्यंतचे दिवस. त्या दिवसांत पैसेही त्यांच्याकडे आणि गाडीही त्यांच्याचकडे. पुढची सगळी कृती या दोन जागा आवळण्यासाठी आहे. नाशिकमध्ये सरळ धंदा करणारे विक्रेते पुष्कळ आहेत, आणि यातल्या एकाही प्रश्नाचा त्यांना राग येत नाही. राग आला तर तेवढ्यावरून काय ते ओळखावं.

मुहूर्त डिलिव्हरीचा धरा, सौद्याचा नको

दसऱ्याला गाडी दारात हवी म्हणून दसऱ्याच्या आठ दिवस आधी शोरूममध्ये शिरलात, की भाव करायची ताकद तिथेच संपली. पाडवा आणि अक्षय्य तृतीयेचंही तेच. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाचे पैसे हातात येतात तेव्हाच पाडवा येतो, आणि शोरूमवाले ते बरोबर ओळखून असतात. पाच-सहा आठवडे आधी सुरुवात करा. सौद्याला सगळ्यात उत्तम काळ म्हणजे पितृपक्ष. शोरूम ओस पडलेली असते, सेल्समन स्वतः चहा घेऊन येतो. घरातले वडीलधारे नाराज झाले तर सांगा, गाडी आणत नाही, नुसता भाव काढतोय.

एकाच कंपनीच्या किमान दोन शोरूममधून कोटेशन घ्या. मोठ्या कंपन्यांचे एकाहून जास्त विक्रेते शहरात आहेत. नसतील तर अहिल्यानगर, संभाजीनगर किंवा पुणं गाठता येतं. तिथून घेतलेली गाडीही तुमच्या नाशिकच्या पत्त्यावर एमएच १५ मध्ये पास होते. दुसऱ्या गावचं कोटेशन खिशात असलं की इथलं कोटेशन आपोआप हलकं होतं.

कोटेशन फोडा

“सर, ऑन-रोड अकरा पंचेचाळीस, सगळं धरून.” हे “सगळं धरून” मान्य करू नका. शोरूमच्या छापील कागदावर, शिक्क्यासह, प्रत्येक ओळ वेगळी मागा. व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनने लिहिलेले आकडे उद्या कुणीच ओळखत नाही.

उदाहरणाला साडेनऊ लाख एक्स-शोरूमची पेट्रोल गाडी धरू, वैयक्तिक नावावर. महाराष्ट्रात अशा गाडीचा एकरकमी कर दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांना १२ आणि वीसच्या वर १३. डिझेलला प्रत्येक टप्प्यात दोन टक्के जास्त. कंपनीच्या नावाने घेतली तर थेट २० टक्के. आपल्या गाडीचा कर झाला १,०४,५००. नोंदणीचे ६००, स्मार्ट कार्डचे २००, कर्ज असेल तर आरसीवर बोजा चढवायचे १,५००, वर टपाल आणि किरकोळ काही. सगळं मिळून एक लाख सात ते नऊ हजारांत बसतं. कोटेशनवर “आरटीओ १,१९,०००” असं लिहिलेलं असेल तर मधले दहा हजार कुणाचे, एवढंच विचारा. “एजंटचे असतात, सर,” असं उत्तर येईल. पूर्ण बनून आलेल्या नव्या गाडीची नोंदणी आता शोरूम स्वतःच ऑनलाइन करते. गाडी तपासणीसाठी पेठ रोडच्या आरटीओत न्यावी लागत नाही. कर भरल्यावर वाहन पोर्टलची पावती निघते. त्या पावतीवर जी रक्कम असेल तेवढीच देईन, असं कोटेशनवर लिहून घ्या. आकडा तिथल्या तिथे खाली येतो.

बाकीच्या ओळी भराभर. हँडलिंग किंवा लॉजिस्टिक्स चार्जेस: गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीतच आला, ही ओळ खोडा. नंबर प्लेटचे पैसे: १ एप्रिल २०१९ नंतर बनलेल्या गाड्यांची हाय सिक्युरिटी प्लेट गाडीच्या किमतीत धरलेली आहे, हीही खोडा. फास्टॅग नव्या गाडीला लावून द्यावाच लागतो. त्यातली अनामत किती आणि शिल्लक किती ते बघा. बेसिक किट, कोटिंग, मडफ्लॅप, एक्स्टेंडेड वॉरंटी हे सगळं ऐच्छिक आहे. “किट कम्पलसरी आहे” म्हणणाऱ्याला तेच वाक्य लेटरहेडवर मागा. असा कागद देणारा शोरूमवाला माझ्या तरी ऐकिवात नाही. गाडी दहा लाखांच्या वरची असेल तर एक टक्का टीसीएस लागतो. ती लूट नव्हे, तो तुमचाच आयकर आहे आणि विवरणपत्रात वळता करून घेता येतो. मात्र शोरूमने तो तुमच्या पॅनवर भरला का, हे आयकराच्या पोर्टलवर नंतर पाहायला विसरू नका.

कर्जाच्या टेबलावरची एक चलाखी सांगतो. “फक्त सात टक्के फ्लॅट” असं ऐकलं की स्वस्त वाटतं. पाच वर्षांच्या कर्जाला सात टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीवर जवळपास साडेबारा टक्के. लाखाला २,२५० रुपये हप्ता बसतो, तो आपल्या बँकेच्या हप्त्याशी ताडून बघा. शोरूममध्ये बसलेला फायनान्सवाला कमिशनवर असतो. आपल्या बँकेचं मंजुरीपत्र आधी हातात असलं की तोही दर खाली आणतो.

विमा हीच खरी किल्ली

या ओळीवर जास्त वेळ घालवा. शोरूमची सगळ्यात मोठी वरकमाई इथेच असते, आणि ग्राहकाच्या हातातलं सगळ्यात धारदार हत्यारही इथेच आहे.

नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, सप्टेंबर २०१८ पासून. त्याचा हप्ता सरकार ठरवतं: २०२२ च्या दरपत्रकात हजार ते पंधराशे सीसीच्या मोटारीला तीन वर्षांचे १०,६४० रुपये, वर जीएसटी. हा कुठेही तेवढाच. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात आणि झिरो डेप्रिसिएशनसारख्या जोडण्यांमध्ये. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा तुमच्याकडे आधीच असेल तर तो पुन्हा घ्यायची गरज नाही. शोरूमचा आणि बाहेरचा हप्ता ताडताना गाडीची घोषित किंमत, म्हणजे आयडीव्ही, दोन्हीकडे सारखीच धरा. नव्या गाडीला ती एक्स-शोरूमच्या ९५ टक्के असते. आयडीव्ही कमी दाखवून हप्ता स्वस्त भासवणारे बाहेरही आहेत.

विमा शोरूमकडूनच घेतला पाहिजे अशी सक्ती करता येत नाही. तरी काउंटरवर ठरलेलं वाक्य येतं: “बाहेरचा घेतला तर कॅशलेस होणार नाही.” कॅशलेस होतं ते विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्या करारामुळे; पॉलिसी कुणी विकली याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हणून वाद घालू नका. “तुमच्या वर्कशॉपला कोणकोणत्या विमा कंपन्यांचं कॅशलेस चालतं, यादी द्या,” एवढंच म्हणा आणि त्या यादीतल्याच कंपनीकडून थेट दर काढा. बहुतेक वेळा शोरूम तो दर मुकाट्याने जुळवून देते.

आता मेख अशी, की पॉलिसी काढायला चेसिस नंबर आणि इंजिन नंबर लागतात. “मी विमा बाहेरून घेणार, नंबर पाठवा,” असं म्हटलं की शोरूमला तुमच्या नावावर एक ठरावीक गाडी लावावी लागते. तोवर तुमची “गाडी” म्हणजे नुसता रंग आणि व्हेरियंट. नंबर हातात आला की ती कधी बनली, हे पूर्ण पैसे भरायच्या आधी कळतं. शेवटी विमा शोरूमकडून घेतलात तरी नंबर आधी मागायला विसरू नका.

बुकिंगची पावती वाचूनच सही

रक्कम शोरूमच्या खात्यात भरा. सेल्समनच्या स्वतःच्या यूपीआयवर एक रुपयाही नको, तो कितीही “दादा, माझ्यावर विश्वास ठेवा” म्हणाला तरी. नोकरी सोडून गेलेल्या सेल्समनच्या मागे धावणं नंतर आपल्याच नशिबी येतं. शेतीचा पैसा रोखीत भरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे. ती रक्कम तुकडे करून, अर्ध्या पावतीने घेऊ पाहणाऱ्याकडे गाडी घेऊच नये.

बुकिंग फॉर्मवर व्हेरियंट, रंग, ठरलेली सूट, फुकट कबूल केलेल्या वस्तूंची नावं, डिलिव्हरीची तारीख आणि बुकिंग रद्द केल्यास किती कापणार हे सगळं लिहून घ्या. सूट बिलातच दिसली पाहिजे. “नंतर चेकने देतो” ही सूट नव्हे. फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत “डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू” असं कलम असतं. ते दोन्ही बाजूंनी लागू होतं, हे २०२५ मध्ये दिसलं. २२ सप्टेंबरला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, लहान मोटारींवरचा जीएसटी २८ टक्के अधिक उपकर यावरून १८ टक्क्यांवर आला. बुकिंग जुनं असलं तरी बिल त्या दिवशी किंवा नंतर फाटणार असेल, तर नवा दर ग्राहकाचा हक्क होता. किंमत वाढली की हे कलम तुम्हाला दाखवतात; उतरली की तुम्ही ते दाखवा.

यार्डात जा, दुपारी जा

चेसिस नंबर सतरा अक्षर-अंकांचा असतो. बऱ्याच कंपन्यांत दहावं अक्षर वर्षाचं: आर म्हणजे २०२४, एस म्हणजे २०२५, टी म्हणजे २०२६. महिन्याच्या अक्षराची जागा कंपनीगणिक बदलते, त्यामुळे त्यावर डोकं खपवू नका. फॉर्म २१, म्हणजे विक्री प्रमाणपत्र, त्यात उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहावंच लागतं. “फॉर्म २१ वर कोणता महिना येणार?” हे व्हॉट्सॲपवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. दोन-तीन महिन्यांचा फरक क्षुल्लक आहे. वर्ष मागचं असेल तर मात्र विकताना तेवढं नुकसान होणार, म्हणून आताच तेवढी सूट मागा किंवा गाडी बदलून घ्या.

नंतर ती गाडी प्रत्यक्ष बघा, शोरूमच्या दिव्यांखाली नव्हे तर शहराबाहेरच्या यार्डात, भर उन्हात. टाळाटाळ होईल: “यार्डात कस्टमरला परमिशन नाही.” मग गाडी शोरूमच्या आवारात आणायला सांगा, पण पासिंगच्या आधी. नंबर पडल्यावर ती कागदोपत्री तुमची होते आणि बदलून मिळणं जवळपास अशक्य होतं.

काय बघायचं? चेसिस नंबर पाठवलेल्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळतो का. मीटर: ट्रेलरने आलेल्या गाडीचं पन्नास-शंभर किलोमीटरच्या आत असावं. दुसऱ्या गावच्या शोरूममधून चालवत आणली असेल तर जास्त दिसेल, पण ते आधी सांगायला हवं होतं. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. ३२२५ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा आठवडा. चारही टायर आणि स्टेपनी एकाच सुमाराच्या हव्यात. एकच टायर वेगळ्या साली बनलेला असेल तर का, ते विचारा. बॉनेट उघडून फेंडरचे बोल्ट पाहा: कारखान्यातून रंगून आलेल्या बोल्टच्या कडांवर पान्याचे ओरखडे नसतात, असतील तर पत्रा कधीतरी खोलला आहे. दारांच्या रबरी पट्ट्या थोड्या ओढून आत रंगाचे शिंतोडे आहेत का ते बघा. आणि आपल्या जिल्ह्यात खास एक गोष्ट: गारपीट. उघड्या यार्डातल्या गाडीचं टप आणि बॉनेट तिरप्या नजरेने न्याहाळा. गारांचे खळगे समोरून दिसत नाहीत, उन्हाची तिरीप पडली की दिसतात. डेमो गाडी नवी म्हणून खपवली असेल तर सीटच्या कडा आणि पेडलचं रबर सांगून जातं.

सगळ्याचे फोटो घ्या, मीटरचा आणि चेसिस नंबरचा तर नक्कीच. आवडली तर तिथूनच मेसेज टाका: “अमुक चेसिस नंबरची गाडी पाहिली, पसंत आहे, हीच द्यावी.” उरलेले पैसे यानंतर.

जुनी गाडी देताय?

एक्स्चेंज बोनसच्या नादात जुन्या गाडीचा भावच पाडतात. आधी बाहेर दोन ठिकाणी किंमत काढा आणि मगच बोनसचं ऐका. जोखीम मात्र पैशापेक्षा मोठी आहे. गाडी दिली, पण आरसीवर नाव तुमचंच राहिलं आणि तिने उद्या मालेगावजवळ कुणाला उडवलं, तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते. सुप्रीम कोर्टाने २०१८ च्या निकालात हे स्पष्ट केलं आहे. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला एप्रिल २०२३ पासून आरटीओचं प्राधिकारपत्र लागतं, आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची खबर फॉर्म २९-सी ने आरटीओला जाते. ती खबर तुमच्यासमोर भरून घ्या आणि पोच मिळाल्याशिवाय किल्ली देऊ नका. कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून देण्याची नाशिकची जुनी रीत आता मोडायला हवी.

डिलिव्हरीचा दिवस

दसऱ्याची सकाळ. गाडीवर लाल सॅटिनचं कापड, झेंडूचा हार, बाजूला ओवाळणीचं ताट, मुलं हॉर्न वाजवताहेत. सेल्समन हातात क्लिपबोर्ड देतो: “मॅडम ओवाळतायत तोवर सर, इथे, इथे आणि इथे.” तिसऱ्या सहीच्या वर छापलेलं असतं: वाहन सुस्थितीत, सर्व ॲक्सेसरीजसह मिळाले, कोणतीही तक्रार नाही. पुढे तक्रार करायची वेळ आली की शोरूमचा वकील हाच कागद आधी काढतो.

म्हणून कागदांचं काम आदल्या संध्याकाळी उरका. फोटोंशी चेसिस आणि मीटर ताडा. कबूल केलेल्या वस्तू मोजून घ्या, दोन्ही किल्ल्या घ्या. कर बिल, फॉर्म २१, फॉर्म २२, विम्याची पॉलिसी, आरटीओची पावती आणि भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती ताब्यात हवी. काही राहिलं असेल तर गेट पासवर सहीच्या वर पेनने लिहा: “मागील सेन्सर बाकी, मिळाल्यावर पोच देईन.” तेवढं लिहिण्याचा हक्क कुणी नाकारू शकत नाही.

नंबर पडल्याशिवाय गाडी घरी नेऊ नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ४२ वा नियम स्पष्ट आहे: कायमची किंवा तात्पुरती नोंदणी झाल्याशिवाय विक्रेत्याने गाडी ग्राहकाच्या ताब्यात द्यायचीच नाही. “मुहूर्त साधून घ्या, नंबर चार दिवसांत येईल” म्हणणारा नियम मोडतोय, आणि त्या चार दिवसांत द्वारका चौकात अपघात झाला तर विमा कंपनीशी भांडावं लागणार तुम्हाला.

बिनसलंच तर

आरडाओरडा करण्यात दम घालवू नका. आधी शोरूमच्या जनरल मॅनेजरला ईमेल, सोबत कोटेशन आणि पावत्या, उत्तराला पंधरा दिवस. त्याच ईमेलची प्रत कंपनीच्या ग्राहक विभागाला पाठवा. ही प्रत का महत्त्वाची, ते गोव्याच्या एका खटल्यातून कळतं. तिथे २०११ मध्ये नवी म्हणून विकलेली गाडी २००९ ची निघाली, आणि मीटरवर ६२२ किलोमीटर होते. जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशा तिन्ही ग्राहक मंचांत ग्राहक जिंकला. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने गाडी बनवणाऱ्या टाटा मोटर्सला त्यातून मोकळं केलं. विक्रेता हा कंपनीकडून माल विकत घेणारा स्वतंत्र व्यापारी, त्याने केलेल्या लबाडीची कंपनीला माहिती होती असं दाखवल्याशिवाय कंपनीला जबाबदार धरता येत नाही, असा कोर्टाचा रोख होता. म्हणून तक्रारीत पहिला सामनेवाला शोरूम. आणि कंपनीलाही ओढायचं असेल तर तिला कळवल्याचा पुरावा तुमच्याकडे तारखेनिशी हवा.

आरटीओच्या नावाने जादा पैसे घेतले किंवा विनानोंदणी गाडी दिली, तर पेठ रोडच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. विक्रेत्याचं ट्रेड सर्टिफिकेट आरटीओच देतं. ते निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकारही त्यांचाच. नुसत्या या तक्रारीच्या प्रतीवर अनेकदा शोरूमचा फोन येतो.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, शोरूम पुण्याची असली तरी. पन्नास लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा आयोग पुरतो. पाच लाखांपर्यंत फी नाही, पाच ते दहा लाखांना दोनशे रुपये, दहा ते वीस लाखांना चारशे. वकील बंधनकारक नाही, तक्रार ऑनलाइन दाखल होते, मुदत दोन वर्षांची. शिर्डी-त्र्यंबकच्या भाड्यासाठी स्वतः चालवायला गाडी घेतलेला माणूसही पोटापाण्यासाठी घेणारा म्हणून ग्राहकच ठरतो. “कमर्शियल गाडी आहे, तुमची केस बसत नाही” असं शोरूमने सांगितलं तर ते मनावर घेऊ नका. तक्रारीला जोडायचे कागद मोजकेच: ओळीओळीचं कोटेशन, बुकिंग फॉर्म, पावत्या, फॉर्म २१, आरटीओची पावती, व्हॉट्सॲपवरच्या संवादाच्या छापील प्रती आणि यार्डात काढलेले ते फोटो.